वाचनाची सक्ती

तरुण पिढी वाचीत नाहीं, ही तक्रार आतां इतकी सार्वत्रिक झाली आहे कीं, ती करणाराजवळ पुरावा मागण्याची गरजहि कोणास वाटत नाहीं. हेलसिंकी असो, लंडन असो, तोकियो असो कीं पुणें असो, वडील माणसें एकत्र जमलीं म्हणजे हा विषय निघावयाचाच. परंतु सुमारें अडीचशें वर्षांपूर्वीं वडिलांची तक्रार नेमकी उलट होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मनींतील धर्मगुरु व शिक्षक, तरुणांना व विशेषतः मुलींना वाचनाचें व्यसन जडत चाललें आहे म्हणून चिंतेंत पडले होते, आणि ह्या व्याधीला त्यांनीं एक स्वतंत्र नांवहि देऊन ठेवलें होतें. गटेची ‘वेर्टर’ ही कादंबरी १७७४ सालीं प्रसिद्ध झाली आणि लगेच दुसऱ्या वर्षीं लाइपझिग शहरांत तिच्या विक्रीस बंदी झाली. आमच्याकडेहि, कादंबरी हातांत सांपडलेला मुलगा म्हणजे वायां गेलेला मुलगा, असें समजणारे आजोबा होऊन फार काळ लोटलेला नाहीं. वडिलांना हवें असतें तें मुलांचें वाचन, कीं मुलांचें मन आपल्या नजरेच्या टप्प्यांत असणें, हा संशय ह्यामुळें आम्हांस येतो. आणि तो मनांत बाळगूनच पुढील आंकड्यांकडे पाहावें, अशी वाचकांस आमची विनंति आहे.

आंकडे मात्र खोटे नाहींत. स्वतःच्या आनंदासाठीं तूं किती वेळां वाचतोस, असा प्रश्न अमेरिकेंत तेरा वर्षांच्या मुलांना आज अनेक वर्षें विचारण्यांत येत आहे. ‘जवळजवळ रोज’ असें उत्तर देणारीं मुलें १९८४ सालीं शेंकडा ३५ होतीं. २०१२ सालीं तीं २७ झालीं आणि २०२३ सालीं १४ वर आलीं. ब्रिटनमध्यें आठ ते अठरा वर्षांच्या मुलांपैकीं फावल्या वेळीं वाचणें आवडतें असें सांगणारीं मुलें २०२५ सालीं तिघांत एक एवढींच निघालीं. युरोप, अमेरिका, जपान इत्यादि संपन्न देशांची जी आर्थिक सहकार्याची संघटना आहे, ती दर कांहीं वर्षांनीं पंधरा वर्षांच्या मुलांची परीक्षा घेते. त्या परीक्षेबरोबर दिलेल्या प्रश्नपत्रिकेंत ‘वाचावेंच लागलें तरच मी वाचतों’ असें एक वाक्य होतें. त्यास २०१८ सालीं ह्या देशांतील जवळजवळ निम्म्या मुलांनीं होकार दिला. २००० सालीं असा होकार देणारीं सुमारें एकतृतीयांश होतीं.

आम्हांस ह्या सर्व आंकड्यांपेक्षां तें वाक्यच अधिक विचारार्ह वाटतें. मुलांनीं येथें वाचनाचा संबंध सक्तीशीं स्वतःच जोडून दाखविला आहे. मग प्रश्न असा उरतो कीं, ज्या गोष्टीची गोडी मुलाला नाहीं ती त्याजकडून करवून घेण्याचा आपणांस अधिकार काय?

वाचन हें स्वतःच पुण्यकर्म आहे, असें म्हणून ह्या प्रश्नांतून सुटतां येणार नाहीं. पुष्कळ वाचलेलीं माणसें पुष्कळ क्रूर झालेलीं इतिहासानें पाहिलीं आहेत; आणि अक्षरशत्रु असूनहि शहाणीं व दयाळू असलेलीं माणसें प्रत्येकाच्या घराण्यांत होऊन गेलीं आहेत. दुसरा युक्तिवाद उपयुक्ततेचा. आवडीनें वाचणाऱ्या मुलांना परीक्षेंत गुण अधिक पडतात, त्यांचा शब्दसंग्रह वाढतो, पुढें चाकरी बरी मिळते, इत्यादि. हें खरें असेल. पण पुस्तक म्हणजे एरंडेल आहे असें एकदां ठरलें, कीं तें तोंड वांकडें करूनच प्यावयाचें, आणि प्रकृति बरी असेल त्या दिवशीं अर्थातच घ्यावयाचें नाहीं! ज्यांनीं वाचनाची शिफारस केवळ गुणांसाठीं केली, त्यांच्या मुलांनीं शेवटची परीक्षा होतांच पुस्तक मिटलें, तर त्यांत मुलांकडे दोष कोणता?

आमच्या मतें वाचनाची खरी किंमत निराळ्या ठिकाणीं आहे. तेरा ते अठरा हें वय असें आहे कीं, त्यांत माणूस जितका पाहिला जातो तितका पुढें क्वचितच पाहिला जातो. शाळेंत त्याचे गुण मोजतात, घरीं त्याची तुलना शेजाऱ्याच्या मुलाशीं होते, सोबत्यांत त्याच्या कपड्यांची व बोलण्याची परीक्षा होते; आणि आतां त्याच्या खिशांतील मोबाइलवर तो काय पाहतो, कोठें थांबतो, कशावर हंसतो, ह्याचीहि नोंद क्षणोक्षणीं होत असते. हीं मुलें अक्षरें वाचीत नाहींत असें नव्हे. सकाळपासून रात्रीपर्यंत तीं अक्षरेंच वाचीत असतात. पण त्यांतील प्रत्येक वाक्य त्यांच्याकडून कांहीं तरी मागतें: उत्तर, पसंती, निदान दुसरें वाक्य उघडणें. पुस्तक कांहींच मागत नाहीं. दुसऱ्या माणसाच्या मनांत आपण तासभर राहून यावें आणि आपण तेथें गेलों होतों हें कोणासहि कळूं नये, असा एकांत ह्या वयास दुसरीकडे कोठेंहि मिळत नाहीं. तो हिरावला गेला तर मुलांचें नुकसान होतें. शब्दसंग्रहाचें नंतर पाहतां येईल.

हें म्हणणें मान्य केलें म्हणजे सक्तीचा प्रश्न अधिकच बिकट होतो. एकांत सक्तीनें कसा द्यावयाचा? पहाऱ्यांतील एकांताला तुरुंग म्हणतात. आणि तरीहि, ज्या राष्ट्रांना आपण वाचनप्रिय म्हणून नांवाजतों त्यांच्या वाचनाचा उगम सक्तींतच आहे, हें विसरतां येत नाहीं. फिनलंडचेंच उदाहरण घ्या. तो देश स्वीडनच्या राज्यांत असतां १६८६ सालीं चर्चचा एक कायदा झाला, आणि प्रत्येकानें धर्मवचनें वाचावयास शिकलें पाहिजे, असा दंडक त्यानें घातला. ज्याला धर्मशिक्षणाचे हे पाठ येत नसत, त्याला लग्नाचीहि परवानगी मिळत नसे. बायको हवी असेल तर आधीं मुळाक्षरें! अलेक्सिस किवि ह्याची १८७० सालची ‘सात भाऊ’ ही कादंबरी फिनिश भाषेंतील पहिली थोर कादंबरी समजली जाते. तींतील सात दांडगे भाऊ अक्षरओळखीसाठीं चर्चच्या एका सेवकाच्या घरीं बसविले जातात, आणि तेथील जाच असह्य होऊन खिडकीवाटे पळ काढतात. पुढें तेच भाऊ रानांतल्या आपल्या घरीं, आपल्या सवडीनें, वाचावयास शिकतात. सक्तीनें घडलेल्या एका वाचक राष्ट्रानें आपला आद्य ग्रंथ म्हणून सक्तींतून पळालेल्यांचीच कथा मानली, आणि त्या लेखकाचा जन्मदिवस, १० ऑक्टोबर, हा आपल्या साहित्याचा दिवस ठरविला. ह्यांत त्या लोकांचा जो मोकळेपणा दिसतो, त्याचें आम्हांस कौतुक वाटतें.

पण फिनलंडची गोष्ट येथें संपत नाहीं. वर सांगितलेल्या परीक्षेंत वाचनाच्या विषयांत २००० सालीं तो देश ५४६ गुणांनीं सर्वांत वर होता. २०२२ सालीं त्याचे गुण ४९० झाले. ह्या बावीस वर्षांत तेथील ग्रंथालयें ओस पडलीं नव्हतीं. उलट २०१८ सालीं राजधानींत संसदेच्या समोरच एक भव्य ग्रंथालय उघडण्यांत आलें. म्हणजे जुन्या सक्तीची पुण्याई जन्मभर पुरत नाहीं, आणि पुस्तकें दारांत आणून ठेवलीं तरी तेवढ्यानें भागत नाहीं.

ह्या दोहोंच्या मधली एक वाट जपानांत दोन शिक्षकांनीं काढली, आणि तिचा विचार जरा सावकाश करण्यासारखा आहे. चिबा प्रांतांतील फुनाबाशी शहरीं मुलींची एक खाजगी शाळा होती. तेथें १९८८ सालीं सकाळीं वर्ग सुरू होण्यापूर्वीं दहा मिनिटें वाचनास देण्याचा प्रघात सुरू झाला. नियम चारच होते: सर्वांनीं वाचावयाचें, रोज वाचावयाचें, आवडेल तें पुस्तक चालेल, आणि नुसतें वाचावयाचें. चौथा नियम आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. वाचून झाल्यावर सारांश नाहीं, प्रश्नोत्तरें नाहींत, गुण नाहींत, ‘ह्या गोष्टीवरून तुम्ही काय शिकलांत’ हा छळहि नाहीं. हा प्रघात पुढें वीस हजारांहून अधिक शाळांत पसरला. त्या देशाच्या शालेय ग्रंथालय संघटनेची दरसाल पाहणी होते. मे महिन्यांत एकहि पुस्तक न वाचलेलीं मुलें माध्यमिक शाळांत २००० सालीं शेंकडा ४३ होतीं; २०१९ सालीं तीं तेरांच्याहि आंत आलीं. सगळें श्रेय त्या दहा मिनिटांचें असें कोणी म्हणूं नये. २००१ सालीं तेथें मुलांच्या वाचनाविषयीं कायदाहि झाला होता.

मात्र त्याच पाहणींत त्यांच्याहून मोठ्या, म्हणजे पंधरा ते अठरा वर्षांच्या, विद्यार्थ्यांतील न वाचणारांचें प्रमाण दोन्ही सालीं निम्म्याहून अधिकच राहिलें. त्या शाळांत हा प्रघात तितका रुजलेला नाहीं. ह्यावरून टीकाकार म्हणतात कीं घंटा थांबली, वाचन थांबलें. संवय लागली असें वाटलें तो भासच होता. आम्हांस हा निकाल घाईचा वाटतो. ह्या दहा मिनिटांत सक्ती आहे ती वेळेची, मनाची नव्हे. मुलाला काय वाटलें हें कोणी विचारीत नाहीं, म्हणून त्याला खरोखर कांहीं वाटण्यास जागा राहते. पुढें त्यानें पुस्तक सोडलें तर तें ओळख झाल्यावर सोडलेलें असेल, आणि ओळख असलेल्या घरीं माणूस केव्हां तरी परत जाऊं शकतो.

फ्रान्सनें सक्तीऐवजीं उदारपणा करून पाहिला. २०२१ सालीं तेथील सरकारनें अठरा वर्षें पुरीं झालेल्या प्रत्येकास कला व साहित्य ह्यांवर खर्च करण्यास तीनशें युरो देऊं केले. तरुणांनीं त्यांतून पुस्तकें पुष्कळ घेतलीं. फक्त तीं बहुतेक जपानी चित्रकथांचीं निघालीं, आणि विद्वानांनीं कपाळाला हात लावला. स्वातंत्र्य देतांना त्याचा उपयोग आपल्या आवडीप्रमाणें व्हावा अशी अट मनांत ठेवणें, हा वडिलांचा जुनाच दोष होय. त्याच देशांतील एक शिक्षक व कादंबरीकार दानिएल पेनाक ह्यांनीं १९९२ सालीं वाचकाच्या दहा हक्कांची यादी दिली, आणि तींत पहिला हक्क न वाचण्याचा ठेवला, तो विनोदानें नव्हे.

तथापि हा हक्क आमच्या देशांत जशाचा तसा आणतां येणार नाहीं. २०२३ सालीं भारताच्या निवडक ग्रामीण जिल्ह्यांत चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांची ‘असर’ ही पाहणी झाली. स्वभाषेंतील दुसऱ्या इयत्तेचा उतारा अस्खलित वाचतां न येणारीं मुलें त्यांत सुमारें चौथा हिस्सा निघालीं, आणि घरांत स्मार्टफोन असून तो वापरतां येणारीं दहांत जवळजवळ नऊ. ज्याला वाचतां येत नाहीं त्यानें न वाचण्याचा हक्क बजावला, असें म्हणणें ही थट्टा आहे. उपाशी माणसाला उपवासाचें पुण्य लागत नाहीं. येथें सक्ती व्हावयास हवी ती मुलांवर नव्हे, आपणांवर. आणि ती टाळण्याचीं साधनेंहि आपणांजवळ भरपूर आहेत. २०१५ सालापासून महाराष्ट्रांत १५ ऑक्टोबरला वाचनाचा दिवस पाळतात. पांचगणीजवळचें भिलार २०१७ सालीं पुस्तकांचें गांव झालें, ही गोष्ट खरोखरच चांगली झाली. पण भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मागें पडल्यावर आणि थोरांचीं पुस्तकें पेलूं लागण्यापूर्वीं, पंधराव्या वर्षीं मराठी मुलानें काय वाचावें, ह्या मधल्या पायरीवर आमच्या लेखकांनीं फारच थोडें ठेवलें आहे.

फुनाबाशीचे चार नियम आमच्या शाळांनीं घ्यावेत, असें कोणी सुचविल्यास आमची संमति आहे. अडचण येईल ती पहिल्या नियमाची. ‘सर्वांनीं’ ह्या शब्दांत शिक्षकहि येतात. मुलें वाचीत असतां त्यांनीं वह्या तपासावयाच्या नाहींत, हजेरी भरावयाची नाहीं, नुसतें पुस्तक उघडून वाचीत बसावयाचें. अशा वेळीं तपासनीस दारांत येऊन उभे राहिले, तर खुर्चींत निमूटपणें कादंबरी वाचणाऱ्या त्या गुरुजींविषयीं ते काय शेरा लिहितील, ह्याची कल्पना आम्हांस सहज करतां येते.