दहावीनंतरची वाट आणि शरणांचे कायक

॥ ॐ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

दहावीचा निकाल लागला की आदिलाबादकडील आपल्या घराघरांतून एकच प्रश्न विचारला जातो, "पोरगा पुढे काय करणार?" उत्तरात इंजिनिअरिंग आले की विचारणाऱ्याचा चेहरा उजळतो. आय.टी.आय. आले की तो "बरं" म्हणून पावसापाण्याच्या गोष्टी काढतो. वरवर पाहता ही साधी लोकरीत आहे. पण शिवशरणांच्या कसोटीवर ती घासून पाहिली तर तिच्यातील हीण दिसते. जन्मावरून ठरणारी उच्चनीचता आपण मुखाने नाकारली आणि तीच प्रमाणपत्राच्या रूपाने पुन्हा देवघरापर्यंत आणून ठेवली.

कल्याणच्या अनुभवमंटपात कोण बसत होते, ते आठवा. मडिवाळ माचय्या कपडे धूत. अंबिगर चौडय्या नाव वल्हवीत. मेदार केतय्या बांबूच्या टोपल्या विणीत. नुलिय चंदय्या गवताचे दोर वळीत. हेच लोक अल्लमप्रभूंच्या सन्निध बसून शून्यतत्त्वाची चर्चा करीत, आणि त्यांचीच वचने आज आपल्याला शास्त्रासारखी प्रमाण आहेत. ज्याचे हात चालतात त्याला बुद्धी नसते आणि ज्याला बुद्धी आहे त्याने हात मळवू नयेत, ही वाटणी शरणांनी कधी मानली नाही. कायकाला कैलासाची योग्यता देणारे आयदक्की मारय्यांचे वचन आपण सर्वांना ऐकवतो. मात्र स्वतःच्या मुलाची वेळ आली की त्या वचनाचा आपल्याला विसर पडतो.

आता आपल्या भागाकडे पाहू. २०१६ मध्ये जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले : आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद. निर्मल जिल्ह्यात गोदावरीकाठी बासर येथे २००८ पासून राजीव गांधी ज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. तेथे दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळून सहा वर्षांत अभियंत्याची पदवी होते. ज्याची बुद्धी गणितात रमते, त्या खेड्यातील मुलाने ही वाट अवश्य धरावी.

परंतु तेवढी एकच वाट नाही. आय.टी.आय.मध्ये इलेक्ट्रिशियन किंवा फिटर दोन वर्षांत आणि वेल्डर एका वर्षात तयार होतो. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते. पॉलिटेक्निकची पदविका तीन वर्षांची आहे, आणि ती घेतलेला विद्यार्थी प्रवेशपरीक्षा देऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसू शकतो. इंटरमध्येही व्यवसाय-अभ्यासक्रम आहेत. २०२४ पासून राज्य शासनाने टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने ६५ शासकीय आय.टी.आय.ना प्रगत तंत्रज्ञान केंद्रांचे रूप देण्याचे काम हाती घेतले आहे. जेथे पूर्वी केवळ कानस आणि हातोडा होता, तेथे यंत्रमानव आणि विजेवर चालणाऱ्या वाहनांचे शिक्षण येत आहे.

हे शिक्षण पोटाला कसे उपयोगी पडते? आपल्याकडे कापसाची बाजारपेठ आहे. जिनिंगचे यंत्र हंगामात बंद पडले, तर ते चालू करणाऱ्याची वाट सारा बाजार पाहतो. कागजनगरची कागद गिरणी २०१४ मध्ये बंद पडली आणि २०१८ मध्ये नव्या मालकाच्या हाती पुन्हा सुरू झाली. गिरणीला कुलूप लागते, परंतु हातातील विद्येला कुलूप लागत नाही. ती घेऊन माणूस दुसऱ्या गावी उभा राहू शकतो. उलट, मन नसताना केवळ लौकिकासाठी, शेत गहाण टाकून घेतलेली पदवी मुलालाही जड होते आणि बापालाही.

खरी परीक्षा पुढेच आहे, आणि ती सोयरिकीच्या बैठकीत होते. मुलगा निर्व्यसनी, कष्टाळू, स्वतःच्या मिळकतीवर उभा. पण वेल्डर आहे म्हणून परत पाठवला जातो. सद्भक्तहो, बाराव्या शतकात चपला शिवणारे हरळय्या आणि ब्राह्मणकुळातले मधुवरस यांनी परस्परांत सोयरीक केली. परंपरा सांगते की त्यासाठी त्या दोघांनी प्राण दिले आणि कल्याण पेटले. ज्यांच्या पूर्वसूरींनी अशा एका विवाहासाठी देह ठेवला, त्यांनी हाताला लागलेल्या तेलावरून जावई नाकारावा काय?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण कायकाच्या नावाखाली अन्यायही होऊ शकतो. 'कायक सर्व सारखेच' असे म्हणून गरिबाच्या हुशार मुलाला पुस्तकापासून तोडू नका. मुलगी आहे म्हणून तिला शिवणयंत्रापाशीच थांबवू नका. आयदक्की लक्कम्मा तांदळाचे दाणे वेचून संसार करीत, आणि पतीने गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणला तेव्हा तो परत टाकून या, असे बजावण्याइतकी त्यांची प्रज्ञा स्वतंत्र होती. बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधणे हा शरणधर्म नव्हे. मुलामुलींचा कल पाहावा, सर्व वाटा समोर ठेवाव्यात आणि निवडलेल्या वाटेचा मान राखावा. आपली पुष्कळ मुले मराठी शाळेतून तेलुगू-इंग्रजीच्या वर्गात जातात. तेथे पहिल्या वर्षी अडखळले म्हणजे बुद्धी मंद आहे असे नव्हे. त्या वर्षी त्यांना धीर द्या.

शेवटी दासोहाविषयी. दासोह केवळ अन्नाचाच नसतो, विद्येचाही असतो. ज्यांची जिनिंग आहे, गॅरेज आहे, पंपदुरुस्तीचे दुकान आहे, त्यांनी या वर्षी एका मुलाला अथवा मुलीला, जात न विचारता, हाताखाली घ्यावे आणि आपले काम मनापासून शिकवावे. घरात निकाल लागेल तेव्हा गुण कितीही असोत, मुलाला इष्टलिंगासमोर बसवावे आणि त्याला मोकळेपणी विचारावे, "बाळा, तुझे मन कोणत्या कामात लागते?" त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यावे. ते आपल्या मनासारखे नसले तरीही.

शरणु शरणार्थी.