तुटलेल्या नमुन्याची साक्ष

धातूच्या भुकटीचे थर लेसरने एकावर एक वितळवून, म्हणजे त्रिमितीय मुद्रणाने, घडवलेल्या टायटॅनियमच्या खुब्याची अंतिम ताकद मोजायची तर तो तोडावा लागतो, आणि तोडलेला खुबा रुग्णाला बसवता येत नाही. म्हणून त्याच यंत्रात सोबत घडवलेली चाचणीपट्टी ताणून तोडतात आणि तिच्यावरून न तुटलेल्या भागाविषयी निष्कर्ष काढतात. न्यायदर्शनाच्या दृष्टीने हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान होय, आणि त्याचा सारा भार व्याप्तीवर, म्हणजे हेतू (दिसणारी खूण) व साध्य (तिच्यावरून सिद्ध करायची गोष्ट) यांच्या अव्यभिचारी साहचर्यावर, असतो. चार्वाकांचा आक्षेप नेमका येथेच होता: पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याचा नियम कोणत्या आधारे मानावा? नैयायिकांनी त्यासाठी उपाधी, म्हणजे संबंध ज्या छुप्या अटीवर टिकतो ती, शोधण्यावर भर दिला. अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही, कारण तेथे ओल्या इंधनाची अट असते. मुद्रित धातूत अशा उपाधी विपुल आहेत: थरांच्या दिशेनुसार ताकद बदलते, बारीक जाळीदार भाग जाड पट्टीहून वेगळ्या गतीने थंड होतो, आणि अपुऱ्या वितळण्याने राहिलेली पोकळी वारंवार पडणाऱ्या भाराखाली तड्याचे मूळ ठरू शकते. सीटी तपासणी ती पोकळी न तोडता दाखवते खरी, परंतु ताकद दाखवत नाही. नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत चार्वाकांच्या अशा शंकेला मर्यादा घातली ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या कृतीशी येणाऱ्या विरोधाची. येथे मात्र अनुमान अभियंता करतो आणि भार रुग्णाच्या पायावर पडतो, त्यामुळे ते उत्तर अपुरेच वाटते.