तिजोरी, दक्षिणा आणि सत्ताविसावे कलम

उद्देशिकेतला ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द १९७६ सालचा, तोही आणीबाणीतला; तेव्हा धर्म आणि शासन यांच्या फारकतीला मूळ घटनेत आधारच नाही, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. १९४८ साली के. टी. शहांनी हा शब्द घालण्याची दुरुस्ती संविधान सभेत मांडली आणि ती फेटाळली गेली, हा दाखलाही ते देतात. दाखला खरा, निष्कर्ष चुकीचा. फारकतीचा पाया शोधायचा तर तिजोरीकडे पाहावे. एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी राखून ठेवलेला कर कोणावरही लादता येणार नाही, हे सत्ताविसावे कलम मूळ घटनेतले आहे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नको, हे अठ्ठाविसावेही. पुण्याला हा वाद नवा नाही. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत आणि तो पैसा येई सगळ्या जातींच्या रयतेच्या साऱ्यातून. कंपनी सरकारनेही दक्षिणा चालू ठेवली. १८४९ साली लोकहितवादींसारख्या सुधारकांनी अर्ज केला, की यातला काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी द्या. कर्मठांनी गहजब केला, पण दक्षिणा प्राइझ कमिटी निघालीच. सुधारकांनी फारकत मागितली नव्हती; सार्वजनिक पैसा सार्वजनिक कामी लागावा, एवढेच त्यांचे म्हणणे. घटनेने पुढे त्याला कायद्याचे बळ दिले.

मग सरकार देवळांत शिरते कसे, हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर पर्वतीवर मिळते. १९२९ साली अस्पृश्यांनी तिथे मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह केला, तरी दार उघडले नाही. सार्वजनिक हिंदू देवस्थाने सर्व हिंदूंना खुली करण्याचा अधिकार पंचविसाव्या कलमाने शासनाला दिला, तो असल्याच अनुभवांतून. तिथे शासन धर्म चालवत नाही, नागरिकाचा हक्क राखते. देवस्थानच्या मालमत्तेचे नियमन कायद्याने करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने रतिलाल गांधी खटल्यात १९५४ सालीच मान्य केले. दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा: हज अनुदान २०११ साली त्याच न्यायालयाने वैध ठरवले, कारण कराचा मोठा हिस्सा त्यावर जात नव्हता. हा निकाल मला पटत नाही. रक्कम लहान म्हणून तत्त्व लहान होत नाही. पुढच्याच वर्षी न्यायालयाने ते दहा वर्षांत संपवायला सांगितले आणि २०१८ साली ते बंद झाले, हे बरेच झाले. तोच न्याय आषाढीच्या शासकीय महापूजेलाही लावावा लागेल. कलमाच्या अक्षरात ती बसत असेलही, आशयात बसत नाही. पंढरपूरच्या देवस्थानाचा हिशेब सरकारने जरूर तपासावा; मुख्यमंत्र्यांनी मात्र दर्शनाला यावे ते वारकरी म्हणून, रांगेतून.