हसणं हिंसा आहे का?

मागच्या दिवाळीत दीर-जावा, नणंदा, मुलंबाळं अशी सगळी आमच्याकडे जमली होती. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली. एवढी माणसं हॉलमध्ये बसली म्हटल्यावर 'द अंग्रेज' लागणारच. हैदराबादच्या घराघरांत हे असंच आहे. 2005-06 च्या सुमारास आलेला कुंटा निखिल यांचा हा सिनेमा. मोठा हिरो नाही, खर्चिक सेट नाही, भाषा तर पुस्तकात न सापडणारी, आपल्या गल्लीतली दख्खनी. अमेरिकेतून दोन पोरं हायटेक सिटीत नोकरीला येतात, चारमिनार बघायला जातात आणि तिथल्या इस्माईलभाईच्या टोळक्याशी त्यांची बाचाबाची होते. धीर चरण श्रीवास्तव यांचा इस्माईलभाई आणि मस्त अली यांचा सलीम फेकू यांना इथं कोण ओळखत नाही! बदला घेण्याच्या गप्पा रोज मोठ्या मोठ्या होतात नि बदला मात्र राहूनच जातो. म्हटलं तर एवढीच गोष्ट.

सिनेमा संपला, तरी हसू संपेना. पुतण्या म्हणाला, "काकू, तुम्ही करून दाखवा ना!" मला नकला बऱ्या जमतात. पदर खोचून मी इस्माईलभाई केला. मग कुणीतरी म्हणालं, "आता पिको-फॉलवाले चाचा!" तेही केले. साड्या मोजताना ते प्रत्येक घडीवर बोट ठेवून, मान हलवून, मध्येच खोकत कसे मोजतात, ते सगळं. जाऊबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि एकदम सगळे गप्प झाले. मागं वळून पाहिलं, तर उघड्या दारात चाचाच उभे. दिवाळीच्या साड्यांचं गाठोडं हातात. हसून त्यांनी ते खाली ठेवलं, पैसे घेतले नि गेले.

ते गेल्यावर घरात जी चर्चा झाली, ती ऐकण्यासारखी होती. दीर म्हणाले, "विनोद विनोदासारखाच घ्यावा. चाचाही हसलेच की." आयटीत असलेली पुतणी म्हणाली, "मला हा सिनेमाच आवडत नाही. जुन्या शहरातली माणसं म्हणजे रिकामटेकडी नि बढाईखोर, असंच सगळ्यांच्या मनात बसलंय." तिचा भाऊ म्हणाला, "अगं, त्या अमेरिकावाल्यांचीपण टर उडवलीय की त्यात." सासूबाई सगळ्यात शेवटी बोलल्या, "हसलात ते हसलात. पण दार उघडं होतं, हे चुकलं."

त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणजे दार बंद असतं, तर चाललं असतं का?

आपल्या शास्त्रात हसण्याचा विचार फार बारकाईनं केलाय. क्रोध, मान, माया, लोभ हे कषाय आपल्याला लहानपणापासून पाठ असतात. पण त्यांच्या जोडीला नऊ नोकषाय आहेत, आणि त्यांत पहिलं नाव हास्याचं. तत्त्वार्थसूत्रात सत्यव्रताच्या पाच भावना सांगितल्या आहेत, त्यांत क्रोध, लोभ, भय यांच्याबरोबर हास्याचाही त्याग आहे. लहानपणी पाठशाळेत हे ऐकून मी हिरमुसले होते. हसायचंसुद्धा नाही की काय? आता वाटतं, त्यात खोल निरीक्षण आहे. माणूस रागानं खोटं बोलतो, लोभानं बोलतो, भीतीनं बोलतो, तसाच चार लोकांना हसवायच्या नादातही बोलतो. माझ्या नकलेतले चाचा दर घडीला खोकत होते. खरे चाचा एखाद-दुसऱ्या वेळी खोकतात. हशा यावा म्हणून मी खोकला वाढवला होता.

पूज्यपाद आचार्यांनी 'सर्वार्थसिद्धी'त हास्यकर्माच्या बंधाची कारणं सांगताना दीनांना हसण्याचा वेगळा उल्लेख केलाय. हे मला महत्त्वाचं वाटतं. हसणाऱ्याचं नि ज्याला हसायचं त्याचं पारडं सारखं आहे का, हे तिथं पाहिलंय. दिरांची नक्कल केली, तर ते लगेच माझी करून दाखवतील. चाचा काय करणार? त्यांना पुढच्या साड्या आमच्याकडूनच हव्यात. 'तेही हसलेच की' हा पुरावा म्हणूनच मला पटत नाही. आपल्या उंबऱ्यात उभं राहून पैसे घ्यायचे असतात, तेव्हा माणूस हसतोच.

मग घरातल्या कुणाचं मत बरोबर? आपण अशा वेळी चटकन म्हणतो, "अनेकांतवाद! ज्याचं त्याचं बरोबर." मैत्रिणींनो, हा फार स्वस्त अनेकांत झाला. नय म्हणजे वस्तूच्या एका अंगाचं ज्ञान. ते तेवढ्यापुरतं खरं असतं. पण 'एवढंच खरं' म्हणून बाकीची अंगं नाकारली, की तो दुर्नय होतो. दिरांचं बरोबर, की सिनेमात माया आहे. पुतणीचं बरोबर, की तोच सिनेमा बाहेर जाऊन एखाद्याच्या कपाळावर शिक्का बनतो. पण 'विनोदच आहे' एवढं म्हणून तिचं तोंड बंद केलं, तर तिथं आंधळ्याच्या हाती हत्तीचं शेपूटच राहिलं.

त्याच आठवड्यात पुतणीनं लॅपटॉपवर एक ऑस्ट्रियाचा सिनेमा लावला. 1993 चा, पॉल हाराथर यांचा. नाव चक्क 'इंडिएन', म्हणजे भारत. नावापुरताच भारत. एक खायला-प्यायला सोकावलेला रांगडा माणूस आणि एक अखंड बडबड्या, भारताचं वेड असलेला, असे दोन निरीक्षक खेड्यापाड्यातल्या खाणावळी तपासत हिंडतात. योसेफ हाडर आणि आल्फ्रेड डोर्फर यांनी ही कामं केलीत, मूळ नाटकही त्यांचंच. हीही बोली भाषेतलीच गंमत. टेबलावर सारखं मांस नि बिअर, त्यामुळे सासूबाई अर्धा वेळ खिडकीबाहेरच बघत होत्या. पुढं त्या बडबड्याला कॅन्सर होतो आणि तो रांगडा त्याच्या उशाशी बसून राहतो. पुतण्याचं मत, "दोन वेगळे सिनेमे जोडल्यासारखं वाटतं. हसवायचं तर नीट हसवा." सासूबाई म्हणाल्या, "तो गडी वैयावृत्य करतोय बघा." आजाऱ्याच्या सेवेला आपण अंतरंग तप मानतो. ते त्यांना तिथं, बिअरच्या ग्लासांपलीकडे दिसलं.

मला दिसलं ते असं. पहिल्या अर्ध्यात आपण त्या रांगड्याला हसतो, कारण त्याला ओळखत नाही. ओळख वाढते तसं हसू बदलत जातं. ते थांबत नाही, पण त्यातली नखं आत जातात. प्रमादातून घडते ती हिंसा, असं आपण मानतो. बेसावधपणा हेच तिचं मूळ. म्हणजे हसणं हिंसा नाही. ज्याला हसायचं, त्याच्याकडे बघणं सोडून देऊन हसणं ही हिंसा. आणि जे हसू दार उघडल्यावर मरतं, ते दार बंद असतानाही निरोगी नव्हतं. सासूबाईंना माझं एवढंच उत्तर.

शिवाय मी कुणाच्या बोलीला हसत होते? दख्खनीतलं 'नक्को' आपल्या 'नको'चंच भावंड. 'मैंच', 'वोइच' मधला 'च' तर आपल्याच घरातून गेलेला. 1956 पर्यंत मराठवाडा नि हे शहर एकाच राज्यात होतं, भाषांनी कधीच उंबरे ओलांडले होते. लग्नाआधी मी पुण्यात शिकायला होते, तेव्हा माझ्या मराठवाडी हेलाची नक्कल मुली खोलीत करायच्या. दारात मी उभी राहायचे. मीसुद्धा हसायचे.

क्षमावाणीला आपण शंभर जणांना 'उत्तम क्षमा' पाठवतो. ज्यांचं काही बिघडवलं नाही, त्यांना आधी. चाचांचं नाव त्या यादीत कधीच नव्हतं. दिवाळीनंतर ते आले, तेव्हा मी चहा पुढं ठेवला आणि म्हटलं, "चाचा, उस दिन मैं आपकी नकल कर रही थी. माफ करो."

चाचांनी बशीत चहा ओतला. म्हणाले, "हौ अम्मा, सुना मैं. वो पिच्चर मैं बी चार बार देखा, बहुत हँसा. मेरा बेटा नइं देखता. ऑफिस में उसको इस्माईलभाई बोलते लोगां." मग थोडं थांबून म्हणाले, "मगर आप गिनती गलत करे. पाँच साडियां थे, आप छे गिने."

आम्ही दोघंही हसलो. ही क्षमा होती की नाही, मला ठाऊक नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. पण त्या वेळी दार उघडं होतं.