उषस्तीने नाकारलेले पाणी

लॅपटॉपवर लिनक्ससारखी मुक्तस्रोत कार्यप्रणाली बसवावी, पडदा उजळावा, कळफलक आणि ध्वनी यथास्थित चालू लागावेत, आणि यंत्राच्या पोटातले बिनतारी कार्ड तेवढे मुके राहावे, ही अवस्था या मार्गाने गेलेल्या पुष्कळांच्या परिचयाची आहे. तिच्याकडे केवळ एक तांत्रिक खोळंबा म्हणून पाहण्याचा प्रघात पडला आहे. मला मात्र असे वाटते की या खोळंब्याच्या तळाशी कर्तव्याकर्तव्याचा एक अस्सल प्रश्न आहे, आणि आपल्या शास्त्रकारांनी ज्या गांभीर्याने आपद्धर्माचा ऊहापोह केला त्याच गांभीर्याला तो पात्र आहे. वस्तूचे अंतरंग जाणण्याचा अधिकार प्रत्येकास असावा हे ज्याने व्रत म्हणून पत्करले, त्याने गरज पडली असता, जिचे अंतरंग कोणासही पाहू दिले जात नाही अशा वस्तूचा आश्रय करावा की करू नये, हा तो प्रश्न होय.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. लॅपटॉपच्या खोक्यावर जे नाव छापलेले असते त्यावरून आतल्या कार्डाचा उलगडा होतोच असे नाही. कारण एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या यंत्रांत आज एका कंपनीचे तर उद्या दुसऱ्या कंपनीचे कार्ड घातलेले असते. खरी ओळख कार्डातच नोंदलेल्या दोन षोडशमान क्रमांकांत असते. त्यांतला पहिला उत्पादकाचा आणि दुसरा त्या विशिष्ट वस्तूचा. एलएसपीसीआय ही आज्ञा योग्य त्या पर्यायासह दिली की हे क्रमांक समोर येतात: १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम, १६८सी असेल तर अथेरॉस, ८०८६ असेल तर इंटेल, जिने १९७८ साली काढलेल्या आपल्या प्रख्यात प्रोसेसरचाच अंक येथे स्वतःसाठी राखून ठेवला आहे. ओळख पटली म्हणजे मग ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड आणि कार्यप्रणाली यांच्यातल्या दुभाषी आज्ञावलीचा, शोध. आणि येथे नैयायिक ज्याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात तो मूर्तिमंत उभा राहतो, कारण ड्रायव्हर आणायचा तर इंटरनेट पाहिजे आणि इंटरनेट पाहिजे तर ड्रायव्हर. तारेची जोडणी असली, किंवा फोन यूएसबीच्या दोरीने जोडून त्याचे नेट घेता आले, तर या फेऱ्यातून सुटका होते.

परंतु ड्रायव्हर मिळाल्याने काम संपत नाही. ड्रायव्हर हा संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर, कर्नेलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, अधिकारकक्षेत चालतो. कार्डावर मात्र बहुधा त्याचा स्वतःचा एक लहानसा प्रोसेसर असतो, आणि त्याला चालवणारी जी वेगळी आज्ञावली, जिला फर्मवेअर म्हणतात, ती पुष्कळ कार्डांत यंत्र सुरू होताना प्रत्येक वेळी ड्रायव्हरने वर चढवून द्यावी लागते. ड्रायव्हरची संहिता खुली असूनही हे फर्मवेअर बंद असू शकते, आणि बहुधा असतेच. उत्पादक त्याचे समर्थन करताना व्यापारी गुपिताबरोबरच रेडिओलहरींच्या कायद्याकडे बोट दाखवतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात अमेरिकेत ११ वाहिन्यांवर व्यवहार चालतो, जगाच्या बऱ्याच भागात १३ वर चालतो, आणि चौदावीची मुभा केवळ जपानात आहे. तेव्हा लहरींची शक्ती आणि वारंवारता यांचा लगाम ग्राहकाच्या हाती दिला तर नियमभंगाची जबाबदारी आमच्यावर येईल, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. पण इंटेलच्या ३९४५ या कार्डाचा दाखला पाहावा. त्याच्या पहिल्या लिनक्स ड्रायव्हरसोबत या नियमनासाठी एक बंद कार्यक्रम सतत चालू ठेवण्याची अट होती. ओपनबीएसडी या दुसऱ्या एका मुक्त कार्यप्रणालीच्या लोकांनी त्या कार्यक्रमावाचून चालणारा ड्रायव्हर लिहून दाखवला, आणि पुढे खुद्द इंटेलनेही तो कार्यक्रम वगळून नवा ड्रायव्हर दिला. मात्र त्या कार्यक्रमाचे काम नाहीसे झाले नाही. ते फर्मवेअरमध्ये गेले. बंद दार एक दालन आत सरकले, इतकेच. या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वाधिक विचार करण्याजोगी वाटते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या व्रताचा उगमही, लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे, एका ड्रायव्हरच्या नकारापाशी सापडतो. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचे एक नवे लेसर मुद्रणयंत्र आले. त्यात कागद अडकला तर तशी वर्दी सर्वांना देण्याची सोय करावी म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याच्या ड्रायव्हरची मूळ संहिता कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका संशोधकाकडे मागितली, आणि गोपनीयतेचा करार केल्याचे कारण सांगून त्याने ती देण्याचे नाकारले. १९८३ साली स्टॉलमन यांनी जीएनयू या मुक्त कार्यप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली, तिच्यामागे या नकाराची सल होती. शेजाऱ्याला मदत न करण्याचे वचन परक्याला आधीच देऊन बसणे हे पाप आहे, ही त्यांची धारणा मूलतः नैतिक आहे, आणि तिचा विचार सोयीच्या तराजूवर करता येत नाही.

या धारणेपायी किती अबोल श्रम झाले याचे उत्तम उदाहरण ब्रॉडकॉमच्या कार्डांचे. कंपनीने माहिती दिली नाही. तेव्हा स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने बंद ड्रायव्हरचे विच्छेदन करून कार्डाचे वर्तन शब्दांत लिहून काढायचे, आणि ज्यांनी ते विच्छेदन डोळ्यांनीही पाहिलेले नाही अशा दुसऱ्या गटाने केवळ त्या लेखी वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचायचा, अशी ही तजवीज होती, आणि तिचा हेतू हा की कोणाच्या लेखनाची चोरी झाली असा आरोप येऊ नये. अंधारात वस्तू चाचपून तिचे चित्र काढण्याइतके हे काम कठीण होते. त्यातून निघालेला ड्रायव्हर जून २००६ मध्ये कर्नेलच्या २.६.१७ या आवृत्तीत दाखल झाला. तरीही फर्मवेअर बंदच होते, आणि त्याचे वाटप करण्याचीही परवानगी नसल्यामुळे प्रत्येक वापरकर्त्याला ते कंपनीच्या बंद ड्रायव्हरमधून बी४३-एफडब्ल्यूकटर नावाच्या साधनाने कापून काढावे लागे. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या नव्या कार्डांसाठी खुला ड्रायव्हर स्वतःहून प्रसिद्ध केला. अथेरॉसने ते पाऊल २००८ मध्येच उचलले होते. ज्यांनी दार ठोठावण्याचे सोडले नाही त्यांच्या चिकाटीचा यात मोठा वाटा आहे, अशी माझी खात्री आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्याच्या उत्तरावरून मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात जे मतभेद झाले, ते आपल्याकडील आचार्यांच्या मतभेदांइतकेच सूक्ष्म आहेत. स्टॉलमन यांनी स्थापलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे मत असे की बंद फर्मवेअर कार्यप्रणालीने बरोबर बाळगूही नये आणि त्याचा रस्ताही दाखवू नये. मात्र तेच फर्मवेअर जर कारखान्यात कार्डाच्या पोटात कायमचे कोरले असेल व पुढे कधी बदलायचे नसेल, तर ते तारांच्या जाळ्यासारखे यंत्राचेच अंग समजावे. ओपनबीएसडीचा पंथ म्हणतो की मुख्य प्रोसेसरवर चालणारी बंद आज्ञावली आम्ही कदापि घेणार नाही आणि गोपनीयतेचा करारही करणार नाही, पण कार्डावर चालणारे फर्मवेअर मुक्तपणे वाटू दिले जात असेल तर ते चालेल. डेबियन या लिनक्स वितरणाने १९९७ च्या आपल्या सामाजिक सनदेत पूर्ण मुक्ततेचे वचन दिले होते. २०२२ साली मतदान घेऊन त्यांनी सनदेत अशी दुरुस्ती केली की अधिकृत स्थापना-माध्यमात यंत्र चालू होण्यास आवश्यक तेवढे बंद फर्मवेअर ठेवता येईल, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीत तो ठराव अमलात आला.

फाउंडेशनच्या मतातला कोरलेल्या आणि चढवलेल्या आज्ञावलीचा भेद मला शेवटपर्यंत पटलेला नाही. बदलता न येणाऱ्या आज्ञावलीवर उत्पादकाचाही पुढे अधिकार उरत नाही, म्हणून ती निरुपद्रवी, हा त्यांचा युक्तिवाद तर्कदृष्ट्या नीट आहे. पण २०१७ मध्ये ब्रॉडकॉमच्या फर्मवेअरमध्ये ब्रॉडपॉन या नावाने ओळखला गेलेला जो दोष सापडला, ज्यायोगे हवेतूनच फोनच्या कार्डाचा ताबा घेता येत होता, तो पाहता दुरुस्त न होऊ शकणारे अज्ञान हे दुरुस्त होऊ शकणाऱ्या अज्ञानापेक्षा शुद्ध कसे, हे मला कळत नाही. डोळ्यांआड गेल्याने वस्तू पवित्र होत नाही.

येथे छांदोग्योपनिषदातील उषस्ती चाक्रायणाची कथा मला दीपस्तंभासारखी वाटते. कुरुदेशात पिके उद्ध्वस्त झाली होती. आटिकी या आपल्या पत्नीसह हा विद्वान ब्राह्मण अत्यंत हलाखीत दिवस काढीत होता. एक हत्तीवाला कुल्माष, म्हणजे हलक्या प्रतीचे कडधान्य, खात बसलेला पाहून त्याने ते मागितले. पुढ्यात आहेत त्यावेगळे माझ्याजवळ नाहीत, असे हत्तीवाला म्हणाला. तेच दे, असे म्हणून उषस्तीने ते उष्टे कुल्माष घेतले. मग हत्तीवाल्याने पाणीही पुढे केले, तेव्हा ते मात्र त्याने उष्टे म्हणून नाकारले. हे कुल्माषही उष्टेच नव्हेत काय, या प्रश्नाला त्याचे उत्तर असे होते की हे खाल्ले नसते तर मी जगलो नसतो. पाणी मात्र मला हवे तेथे मिळण्यासारखे आहे. दुसऱ्या दिवशी उरलेले कुल्माष खाऊन तो राजाच्या यज्ञाला गेला आणि तेथील ऋत्विजांना, ज्या देवतेचे स्तवन तुम्ही करता ती तुम्हांला ठाऊक तरी आहे काय, असे त्याने विचारले.

ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात याच कथेच्या आधारे निर्णय दिला आहे की सर्व प्रकारचे अन्न ग्रहण करण्याची अनुमती प्राणसंकटापुरतीच होय, आणि शंकराचार्यांनी भाष्यात स्पष्ट केले आहे की ज्ञानी पुरुषाला काहीच अभक्ष्य नाही असे जे वचन आढळते ते स्तुतिपर आहे, सरसकट परवाना नव्हे. कथेचे सारे तेज त्या नाकारलेल्या पाण्यात आहे. कुल्माष तर भुकेलेला कोणीही खाईल. पण गरजेची रेषा जेथे संपते तेथे, घासाच्या पाठोपाठ आलेला घोट दूर सारण्यास विवेक जागा असावा लागतो. उषस्ती उष्ट्याला उष्टेच म्हणतो, आणि ते खाल्ल्यामुळे ऋत्विजांना जाब विचारण्याचा आपला अधिकार गेला असे मानीत नाही.

या कसोटीवर डेबियनचा निर्णय मला योग्य वाटतो, आणि तोही त्यातल्या एका तरतुदीमुळे. कोणते फर्मवेअर चढवले गेले, मुक्त कोणते नि बंद कोणते, याची माहिती स्थापना करताना द्यावी, तिची नोंद यंत्रात ठेवावी, आणि ज्याला हे नको असेल त्याला ते बंद करण्याचा मार्ग ठेवावा, असे त्या ठरावात होते. शिवाय अशी आज्ञावली भांडारात वेगळ्या विभागात ठेवली जाते. उष्ट्याला उष्टे म्हणण्याचाच हा प्रकार आहे. याच्या उलट, ज्या वितरणांत बंद फर्मवेअर निमूटपणे चढते आणि वापरणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसते, त्यांची सोय मी समजू शकतो. ती धर्म्य आहे असे मात्र म्हणणार नाही.

बिनतारी जोडणी नसणे म्हणजे प्राणसंकट आहे काय, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्त आहे. घरी तारेची सोय असेल तर संकट नाही. मग बंद फर्मवेअर घेणे हे पाणी पिणेच झाले. पण ज्या पातळ यंत्राला तारेचे छिद्रच ठेवलेले नाही, आणि ज्याच्या मालकाचे शिक्षण, अर्ज, बँकेचे व्यवहार त्यावरच अवलंबून आहेत, त्याला उपाशी राहा म्हणणे हे निष्ठुरपणाचे आहे, आणि उपाशी ठेवलेला माणूस शेवटी सगळेच बंद असलेल्या प्रणालीकडे परत जातो. त्याने कुल्माष खावेत. फर्मवेअर तेवढे घ्यावे. मात्र खुला ड्रायव्हर उपलब्ध असताना थोड्या वेगासाठी किंवा आळसापोटी बंद ड्रायव्हर कर्नेलमध्ये घेऊ नये, कारण तेथे दुसरे पाणी हाताशी आहे.

आणि पाणी आहे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. एआर९२७१ या जातीच्या यूएसबी कार्डांचे फर्मवेअरसुद्धा २०१३ पासून खुले आहे. इटलीतील ब्रेशा विद्यापीठात ब्रॉडकॉमच्या काही जुन्या कार्डांसाठी मुक्त फर्मवेअर लिहिले गेले. ही कार्डे आजच्या मानाने संथ आहेत, पण वाचन, पत्रव्यवहार आणि लेखन यांना पुरून उरतात. म्हणून वाचकांना माझी विनंती अशी की पुढचा लॅपटॉप घेण्यापूर्वी दुकानदाराकडून आतल्या बिनतारी कार्डाचे नाव आणि क्रमांक लिहून मागावेत, त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहे की नाही व त्याला बंद फर्मवेअर लागते की नाही हे ताडून पाहावे, आणि माहिती देण्यास नकार मिळाल्यास तसे उत्पादकाला लेखी कळवून दुसरे यंत्र पाहावे.