निशाणी नांगराची

आमच्या घरी लक्ष्मी आली ती लिलावातून. येताना तिने घरात होती नव्हती ती लक्ष्मी बाहेर काढली, हा भाग निराळा.

राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि महालातले देव सामान्यांच्या भिंतीवर आणून बसवले. आमच्या आजीकडेही त्याची लक्ष्मी होती. तसबिरीला वाळवी लागली तेव्हा आजोबांनी ती रीतसर नदीत सोडली. आता लिलावात तसलंच चित्र दिसलं, की आपल्या घराण्याने किती हजार पाण्यात सोडले याचा हिशेब मी करत बसतो.

लक्ष्मीबरोबर एक जुना मोडी कागदही घेतला. त्याचे अकरा हजार पडले. वर लिलाववाल्याचं कमिशन आणि कर. मला मोडीतलं ओ का ठो कळत नाही. पण हात न उचलता लिहीत गेलेल्या त्या झोकदार ओळी पाहून हा कुणा सरदाराचा खलिताच असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. काचेची चौकट केली आणि डावीकडे लक्ष्मी, उजवीकडे इतिहास, असा दिवाणखाना सजवला.

परवा मोडी जाणणारे एक वयस्क स्नेही आले. चष्मा लावून बराच वेळ वाचत राहिले.

"अहो, हे कर्जखत आहे. शके १७९५, म्हणजे १८७३. रुपये चाळीस, बैलजोडी गहाण. आणि खाली ही निशाणी नांगराची. कुणब्याला लिहिता येत नसे, म्हणून सहीच्या जागी नांगर काढत."

"फेडलं का हो त्याने?" हिने चहा ठेवता ठेवता विचारलं.

"फेडलं असतं तर कागद परत मिळाला असता, वहिनी."

"यांनी दिलेल्या पैशांत पावणेतीनशे वेळा फिटलं असतं!"

बायकोचं गणित चांगलं असू नये, असं मला त्या क्षणी वाटलं.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांकडून असलेच कागद हिसकावले आणि जाळले. पुढे हे लोण आसपासच्या गावांत पसरलं, धरपकड झाली. जो कागद राख व्हावा म्हणून माणसं तुरुंगात गेली, तो मी काचेत घालून मिरवत होतो. म्हणजे आता त्या कुणब्याचा धनको मीच की!

संग्राहक म्हणतील, सगळेच कागद जळते तर त्या माणसाचं दुःख आपल्याला कळलं कसं असतं? खरं आहे. पण मला तरी ते कुठे कळलं होतं? सावकाराला निदान कागदात काय लिहिलंय ते ठाऊक होतं. कागद लिलावात माझा झाला. पण न वाचता एखादी गोष्ट आपली होते का, हा प्रश्न काही मला सोडेना.

कागद विकावासा वाटेना, जाळवेना. शेवटी स्नेह्यांकडून तो बाळबोधीत उतरवून घेतला आणि चौकटीखाली लावला. पाहुणे हल्ली "वा!" म्हणत नाहीत. वाचतात आणि चहा मुकाट्याने पितात.

मी मोडीच्या वर्गात नाव घातलंय. पहिल्याच दिवशी हजेरीवर मोडीत सही करा म्हणाले. येईना. मग नांगर काढला.