कवडीमोलाचें शेत आणि अरवनाचें खळें

वचन : २ शमुवेल २४:१८-२५



बाजाराच्या दिवशीं जे शब्द आपल्या तोंडीं येतात त्यांकडे आपण क्वचितच लक्ष देतों. दर, भाव, किंमत, मोल, हे सर्व एकाच अर्थाचे आहेत असें वरवर पाहणारास वाटेल. परंतु ज्यानें कांद्याची गोणी विकावयास नेली आहे त्यास त्यांतील भेद ठाऊक आहे. गिरणीवाल्याचा दळणाचा दर ठरलेला असतो. कांद्याचा भाव सकाळीं एक तर दुपारीं दुसरा. किंमत म्हणजे घेणाऱ्यानें मोजून दिलेली रक्कम. पण मोल हा शब्द ह्या तिहींहून खोल आहे. मोलमजुरी ह्या शब्दांत तो घामाचा मोबदला दाखवितो. आणि माणसाचें मोल असें आपण म्हणतों तेव्हां तो रुपयांची भाषाच सोडून देतो.

कमी किंमतीच्या शब्दांतहि असेच भेद आहेत. माल स्वस्त मिळाला म्हणजे आपण संतोष मानतों. सवंग हा शब्दहि पूर्वी त्याच अर्थाचा होता; आतां एखाद्या वस्तूस सवंग म्हटलें कीं तिची निंदा होते. माफक किंमतींत घेणारा व देणारा दोघेहि समाधानी असतात. आणि कवडीमोल? एके काळीं कवड्या सुट्या नाण्यांप्रमाणें चालत असत. त्या गेल्या, सन १९५७ त दशमान नाणीं आल्यावर आणे आणि पैहि मागें पडल्या, पण कवडीमोल हा शब्द राहिला आहे. तो कां राहिला ह्याचा विचार आज करावयाचा आहे, कारण ह्या एका शब्दानें आम्हांस आमचा स्वतःचा अपराध दाखविला.

गेल्या वर्षीं आमच्या मंडळींतील एक बंधु उपकारस्तुतीचें अर्पण घेऊन आला व म्हणाला, “पाळकसाहेब, देवानें मोठी दया केली. शेजारच्या विधवाबाईचें अर्धा एकर शेत कवडीमोलानें पदरांत पडलें. मुलाच्या दवाखान्यापायीं तिला पैशांची निकड होती. तिनें घासाघीस देखील केली नाहीं.” आम्हीं त्याच्याकरितां प्रार्थना केली आणि अर्पण थाळींत ठेविलें. ती बाई आमच्याच मंडळींतील आहे. ती स्त्रियांच्या बाजूस अगदीं मागें बसली होती. आमची प्रार्थना संपल्यावर तिनेंहि ‘आमेन’ म्हटलें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. आम्हीं शास्त्र उघडलें व दावीद राजाची ही गोष्ट पुन्हां वाचली. राजानें लोकांची शिरगणती करून पाप केलें होतें. देशांत मरी येऊन ७०,००० माणसें मेलीं होतीं. तेव्हां गाद संदेष्ट्यानें त्यास सांगितलें कीं अरवना यबूसी ह्याच्या खळ्यांत परमेश्वराकरितां वेदी बांध. अरवनानें राजास खळें, होमासाठीं बैल, आणि जळणासाठीं मळणीचीं आउतें व बैलांचीं जोखडेंहि फुकट देऊं केलीं. राजानें तें घेतलें असतें तर कोणी नांव ठेविलें असतें? देणारा राजी होता, निकड मोठी होती, आणि काम देवाचें होतें. तरी दाविदानें तें नाकारिलें. ज्याला आपणांस कांहीं पडलें नाहीं तें देवाला कसें वाहूं, असा त्याचा भाव होता. त्यानें खळें व बैल ५० शेकेल रुपें देऊन विकत घेतले. एक शेकेल सुमारें ११ ग्रॅम धरला तर तें रुपें अर्ध्या किलोहून थोडें अधिक भरतें.

बंधूंनो, दाविदाला जें समजलें तें आम्हांस समजलें नव्हतें. ज्या अर्पणाचें मोल दुसऱ्यानें भरलें तें अर्पण त्या दुसऱ्याचेंच असतें. त्या रविवारीं आमच्या थाळींत जें पडलें तें वस्तुतः त्या मागें बसलेल्या बाईचें होतें, आणि आम्हीं आशीर्वाद मात्र दुसऱ्यास दिला.

आम्ही त्या बंधूच्या घरीं गेलों व प्रथम आपला दोष पदरीं घेतला. तो म्हणाला, “सौदा राजीखुशीनें झाला आहे, कागदहि झाला आहे.” आम्हीं म्हटलें, “दादा, जिचें लेंकरूं दवाखान्यांत पडलें आहे तिची राजी कसली आणि खुशी कसली?” त्यानें उत्तर दिलें नाहीं, आणि पुढील तीन रविवार तो उपासनेस आला नाहीं. ज्वारीची मळणी झाल्यावर मात्र, गांवच्या भावाप्रमाणें जी रक्कम उणी होती तिचा पहिला हप्ता त्यानें त्या बाईच्या हातीं दिला, व बाकीची चिठ्ठी लिहून दिली. हें त्यानें आम्हांस सांगितलें नाहीं, बाईनें सांगितलें.

आपल्या प्रभूचाहि जगानें भाव केला होता. यहूदानें त्याला रुप्याच्या ३० नाण्यांस विकलें. मोशेच्या नियमशास्त्रांत बैलानें हुंदडून मारिलेल्या दासाबद्दल धन्यास ३० शेकेल द्यावे असें आहे. दासाच्या दरानें जो विकला गेला, त्यानें आपणांकरितां स्वतःचा प्राण दिला. म्हणून तारण आपणांस फुकट मिळालें असें म्हणतांना, बंधूंनो, जपावें. जें टाकाऊ असतें त्यालाहि किंमत नसते, आणि जें अमोल असतें त्यालाहि नसते. पहिलें कोणी घेत नाहीं, दुसऱ्याचें मोल कोणास देतां येत नाहीं. देवाची कृपा ह्या दुसऱ्या प्रकारची आहे. आपणांस कांहीं द्यावें लागलें नाहीं, कारण ज्याला द्यावयाचें होतें त्यानें तें पूर्ण दिलें. अशी कृपा ज्यास मिळाली, त्यानें दुसऱ्याच्या अडचणींत आपला नफा शोधावा काय?

उपदेशक बंधूंनो, तुम्ही गांवोगांव अर्पणें स्वीकारितां. आणलेलें धान्य किती पायल्या आहे हें तुम्ही पाहतां. तें कोणाच्या घामाचें आहे हेंहि विचारा. मजुराची मजुरी राहिली असेल तर ती आधीं देऊन येण्यास सांगा. थाळी तोंपर्यंत थांबेल. आणि विचारण्याचें धैर्य होत नसेल, तर आमची ती झोंपेवांचून गेलेली रात्र आठवा.

ज्यानें आपणांस मोल देऊन घेतलें आहे, तो आपल्या तागड्या खऱ्या करो. आमेन.